कागद शोधायचा तर कागदाच्या भाषेत शोधा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इंटरनेटवर माहिती कशी शोधावी, यावर चार शब्द बोला असे मंडळाने आम्हांला सांगितले. विषय ऐकून काहींना वाटेल, यात शिकायचे काय? आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये गूगल आहे. खरे आहे. पण मोबाईलवर बोट फिरवणे वेगळे आणि हवा तो कागद हाती लागणे वेगळे. आपल्या सीमाभागात हा फरक फार महाग पडतो. आपण निवेदन घेऊन कचेरीत जातो. साहेब शांतपणे विचारतात, "कोणत्या आदेशानुसार?" आणि शिष्टमंडळ एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. घोषणा देणारे शंभर असतात, पण कागदाचा क्रमांक आणि तारीख सांगणारा एकही नसतो.

बँकेत काम करणाऱ्यांना एक सवय असते. व्हाउचर नसेल तर खात्यात नोंद नाही. चळवळीलाही हीच सवय हवी. मग हे व्हाउचर शोधायचे कसे?

पहिली गोष्ट. शोधताना आपण आपल्या मनातले शब्द टाईप करतो. 'सीमाभाग मराठी अन्याय' असे टाकले की भाषणे आणि बातम्या मिळतात, कागद मिळत नाही. कारण सरकारी कागदात 'सीमाबांधव' हा शब्दच नसतो. तिथे आपण 'लिंग्विस्टिक मायनॉरिटीज' असतो, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक. म्हणून शोधण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा कागद कोणी लिहिला असेल? कोणत्या भाषेत? कोणत्या साली? ज्याने कागद लिहिला त्याच्या शब्दांत शोधले, तरच तो सापडतो.

साल का महत्त्वाचे, तेही पाहा. आपल्या शहराचे सरकारी इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पर्यंत 'बेलगाम' होते, नंतर ते 'बेलगावी' झाले. आजचे नाव टाकून जुना आदेश शोधला तर अर्धे कागद हुकतात. कर्नाटक हे नावही १९७३ सालचे. त्याआधी राज्य 'म्हैसूर' होते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तेव्हा त्याच्याबरोबर 'मायसोर' हा शब्द टाकावा. निपाणीच्या इंग्रजी नावात कोणी एक 'पी' लिहितो, कोणी दोन. आपल्या मागणीत गावांचा आकडा कुठे ८१४ आहे, कुठे ८६५. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या ठरावात ८६५ आहे. दोन्ही आकडे टाकून पाहावेत.

दुसरी गोष्ट, भाषेची. कर्नाटक सरकारची बरीचशी परिपत्रके कन्नडमध्ये निघतात. ती मराठीत शोधून कशी मिळणार? परिपत्रकाला कन्नडमध्ये 'सुत्तोले' म्हणतात, अधिसूचनेला 'अधिसूचने' आणि शासकीय आदेशाला 'सरकारी आदेश'. हे चार शब्द मोबाईलच्या कन्नड कळफलकावर टाईप करता आले पाहिजेत. आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावेच लागते. त्यांची मदत घ्या. आपला हक्क शोधण्यासाठी कन्नड वाचले तर मराठीपण कमी होत नाही.

तिसरी गोष्ट, शोधाची हत्यारे. दोन-तीन पुरेशी आहेत. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत टाकावा. फक्त सरकारी संकेतस्थळांवर शोधायचे असेल तर इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन द्यावा आणि जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन' लिहावे. बातम्या गळून पडतात, सरकारी पाने उरतात. याच पद्धतीने 'फाइलटाइप', कोलन आणि 'पीडीएफ' लिहिले की अहवाल आणि आदेश वर येतात.

एक उदाहरण घेऊ. मराठी वर्ग बंद होणार अशी कुणकुण लागली. आपण म्हणतो, मातृभाषेत शिकणे हा मुलांचा हक्क आहे. कागद कोणता? राज्यघटनेचे कलम ३५० अ. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे ते सांगते. त्याच्या पुढचे कलम ३५० ब हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचे, म्हणजे आयुक्तांचे. दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. या आयुक्तांचे अहवाल इंग्रजीत आहेत. त्यांचे पदनाम अवतरण चिन्हांत टाकून, वर सांगितल्याप्रमाणे पीडीएफ शोधा. त्यांत मान्य झालेल्या तरतुदी सापडतात. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर मातृभाषेतून शिकवणारा निदान एक शिक्षक द्यावा, हे सूत्र ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतले. जिथे अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही त्यांत आहे. मात्र कलम ३५० अ ही घटना आहे आणि ही सूत्रे मान्य केलेले धोरण आहे. निवेदनात दोन्हींची सरमिसळ करू नये. समोरचा अधिकारी नेमके तिथेच बोट ठेवतो. टक्केवारीसाठी जनगणनेच्या २०११ च्या मातृभाषेच्या तक्त्याचा क्रमांक 'सी-१६' लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट सावधपणाची. यादीत जे सर्वांत वर दिसते ते सर्वांत खरे असते असे नाही. वरची काही पाने पैसे देऊन लावलेली जाहिरात असतात. आम्ही बँकेतली माणसे हे रोज पाहतो. ग्राहक बँकेचा फोन नंबर गूगलवर शोधतो, पहिला दिसेल तो लावतो आणि पलीकडे भामटा असतो. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवावे. आता शोधाच्या वर यंत्राने तयार केलेले उत्तरही दिसते. ते छान, गोळीबंद असते, पण ते व्हाउचर नव्हे. त्याच्या खालचा दुवा उघडून मूळ कागद डोळ्यांनी वाचल्याशिवाय ते निवेदनात घालू नये. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या मजकुरालाही हाच नियम.

शेवटची गोष्ट. सापडले नाही म्हणजे कागद नाहीच, असे समजू नये. जुने आदेश अनेकदा नुसती छायाचित्रे असतात किंवा जुन्या फॉन्टमध्ये असतात, ते शोधात येत नाहीत. काही पाने काढून टाकली जातात. अशा वेळी जुन्या पानांचा पत्ता 'वेबॅक मशीन'वर टाकून पाहावा. तिथे १९९६ पासूनची पाने साठवलेली आहेत. आज दिसणारे महत्त्वाचे पान तिथे आपल्यालाही जतन करता येते. तरीही मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. शोधातून विभागाचे नाव आणि साल हाती आले असेल तर अर्ज नेमका होतो, आणि नेमक्या अर्जाला टाळणे अवघड जाते. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

आमची एकच सूचना आहे. प्रत्येक गावातून दोन तरुणांनी एक वही घालावी. कागदाचे नाव, क्रमांक, तारीख, कुठे मिळाला, हे चार रकाने. छापील प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ साली दाखल झाला. त्या निकालाची वाट पाहताना आपल्या शाळा, आपल्या पाट्या आणि आपले उतारे रोज सांभाळायचे आहेत. पुढच्या वेळी साहेबांनी "कोणत्या आदेशानुसार?" असे विचारले, तर शिष्टमंडळातल्या सर्वांत लहान मुलीनेही वही उघडून उत्तर द्यावे.

जय महाराष्ट्र!