कृपा की हक्क? इंग्रजी शब्दांच्या कुळाविषयी



इंग्रजी शब्द कसे शिकावेत, या विषयावर बोलायला खरे म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला बोलवायला हवे होते. आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेले. आमचे इंग्रजी मालकांच्या नोटिसांवर आणि करारपत्रांवर झाले. तेव्हा तिथूनच आरंभ करतो.

१९९४ सालची दिवाळी. एका कारखान्यात बोनसची बोलणी झाली, रक्कम मनासारखी ठरली आणि आम्ही आनंदाने सही केली. कागदावर रकमेपुढे ‘बोनस’ नव्हते, ‘एक्स ग्रेशिया’ होते. आम्हांला वाटले, बोनसचेच हे साहेबी नाव असेल. पुढच्या दिवाळीला उत्तर मिळाले, “तो बोनस नव्हताच. गेल्या साली आम्ही खुशीने दिले, यंदा देत नाही.” कामगारांनी विचारले, “भाऊ, कागद वाचला नव्हता का?” वाचला होता, कळला नव्हता.

त्या रात्री रद्दीवाल्याकडचा जुना कोश उघडला. लॅटिनमध्ये ‘ग्रेशिया’ म्हणजे कृपा, आणि ‘एक्स’ म्हणजे तिच्यातून, तिच्यापोटी. कृपेपोटी दिलेले! त्याच घरचे ‘ग्रेस’, ‘ग्रॅटिट्यूड’, आणि फुकट या अर्थाचे ‘ग्रॅटिस’. एका शब्दाचा माग काढायला गेलो तर सगळे कुटुंबच दारात उभे.

ही रीत आपल्याला परकी नाही. ‘हृ’ या एका धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे शाळेत कानांवरून गेलेले असते. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे धाडणे. त्यातून ‘मिशन’, काम सोपवून धाडलेले ते ‘कमिशन’, पुढे जाऊ देणारे ‘परमिट’, आणि दूर धाडणे म्हणजे ‘डिसमिस’. हा शेवटचा शब्द आमच्या लोकांना कोशावाचून ठाऊक असतो. पण तो परमिटचा भाऊ आहे हे सांगितले की दोन्ही विसरत नाहीत. शंभर सुटे शब्द घोकण्यापेक्षा असे एक कुळ ओळखीचे करून घेणे आम्हांला सोपे गेले.

मात्र व्युत्पत्तीच्या नावाखाली भाकडकथाही पुष्कळ खपतात. ‘सॅलरी’ हा शब्द मिठाच्या ‘साल’ या लॅटिन नावावरून आला, एवढे खरे. रोमन शिपायांना पगारात मीठच मोजून देत, ही गोष्ट आम्हीही गेटसभेत टाळ्या घेत सांगितली आहे. तिला जुना पुरावा नाही, हे मागाहून वाचले. चुकलो.

आणि मूळ अर्थ कळला म्हणजे आजचा अर्थ कळला, असेही नाही. ‘ग्रॅच्युइटी’ त्याच कृपेच्या घरातली. म्हाताऱ्या नोकराला धन्याने जाताना हातावर ठेवायचे ते. पण १९७२ च्या कायद्याने ती मागून घ्यायची बाब झाली. शब्द कृपेचाच राहिला, आत हक्क येऊन बसला. ‘एक्स ग्रेशिया’च्या नशिबी ते आले नाही.

‘स्ट्राइक’चेही तसेच. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे खाली उतरवली. त्या शिडे उतरवण्याला असलेला शब्द पुढे काम थांबवण्याला मिळाला. आपला ‘संप’ निराळा. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे आजही ऐक्य. इंग्रजी शब्दाने थांबलेले जहाज पाहिले; हा एकत्र आलेली माणसे पाहतो. आम्हांला आपला अधिक आवडतो, हा पक्षपात समजावा.

त्या कारखान्यातली गोष्ट अर्धी राहिली. तिसऱ्या दिवाळीला मसुदा आला, त्यात पुन्हा तेच दोन शब्द. आम्ही ते खोडून वर ‘बोनस’ लिहिले. समोरचे अधिकारी म्हणाले, “रक्कम तीच आहे, एका शब्दासाठी कशाला अडता?” आम्ही म्हटले, “साहेब, रक्कम तीच आहे, मग तुम्ही कशाला अडता?” सही व्हायला रात्रीचे अकरा वाजले.