जहाजावरील कवाईत



रेवदंड्यास आगरकोटाच्या पडक्या तटापाशीं उभें राहिलें म्हणजे कुंडलिकेचें मुख आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर नजरेंत भरतो. हिवाळ्यांत हें दृश्य मोठें शांत असतें. पण मृगाचा पाऊस लागला, कीं तोच समुद्र ओळखूं येत नाहीं. १७ जून २०२१ रोजीं येथून सुमारें ३ किलोमीटरवर ‘मंगलम’ नांवाच्या मालवाहू जहाजांत पाणी शिरलें. जहाजावर १६ माणसें होतीं. दुसऱ्या अधिकाऱ्यानें टेलिफोनवरून तटरक्षक दलास कळविलें, कीं खलाशी भेदरले असून जहाज सोडण्याच्या बेतांत आहेत.

आपण घरीं बसून म्हणूं, बुडतें जहाज सोडावें यांत नवल तें काय? पण खवळलेल्या पाण्यांत एकट्या माणसाचें डोकें शोधून काढणें फार कठीण. जहाज मात्र, अर्धें बुडालें तरी, दिसतें. मुंबईच्या बचावकेंद्रानें समजूत घातली, कीं मदत निघाली आहे, जहाजावरच थांबा. दिघीहून ‘सुभद्राकुमारी चौहान’ ही नौका निघाली, दमणहून दोन ‘चेतक’ हेलिकॉप्टरें उडालीं, आणि सोळाहि जण सुखरूप किनाऱ्यास लागले.

त्या दिवशीं हा धीर टेलिफोनवरून द्यावा लागला. एरवीं तो जहाजावरच तयार असावा, म्हणून कवाईत. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाली, त्यांतून आंतरराष्ट्रीय नियम निघाले. त्यांप्रमाणें प्रत्येक खलाशानें महिन्यांतून निदान एकदां जहाज सोडण्याची आणि एकदां आग विझविण्याची कवाईत करावयाची असते. भोंगा सात वेळां आंखूड व एकदां लांब वाजला, कीं लाइफ-जॅकेट अंगांत घालून नेमल्या जागीं हजर! लाइफ-बोटीचें इंजिन दर आठवड्यास चालवून पाहावयाचें, तीन महिन्यांतून एकदां बोट प्रत्यक्ष पाण्यांत उतरवावयाची. हवेनें फुगणारा तराफा पेटींत बंद असतो. तो फुगेल कीं नाहीं हें डोळ्यांनीं कळत नाहीं, म्हणून वर्षास एकदां उघडून तपासतात. जहाज बुडालें, तर चार मीटर खोलीच्या आंतच पाण्याच्या दाबानें पेटीचा पट्टा आपोआप सुटतो. कोणीं अधिक काळजीनें ती पेटी दोरीनें जखडून ठेवली, म्हणजे तराफा जहाजाबरोबर तळास जातो. अशी चूक पाहणाऱ्यासच सांपडते; नोंदवहींत खूण करणें काय, चहा पितां पितांहि होतें.

आमच्या बाजूस ‘रामदास’चें नांव अद्याप निघतें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईपासून इतक्या जवळ घडलेली गोष्ट मुंबईस कळली, ती वाचून पोहोंचलेल्या माणसांकडून, कित्येक तासांनीं.

पुढल्या खेपेस भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचींत बसाल, तेव्हां लाइफ-जॅकेटें कोठें ठेवलीं आहेत तें पाहा, आणि एक अंगांत घालून त्याचे बंद बांधून पाहा. शेजारचा उतारू हंसेल. त्यालाहि एक द्या.