कोकणकड्यावरचं इंद्रवज्र

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. कधी सकाळी कोकणातलं धुकं दरीतून वर चढतं आणि काठाशी येऊन थबकतं. त्याच वेळी पाठीवर ऊन असलं, तर समोरच्या धुक्यात रंगांचं अख्खं वर्तुळ उमटतं आणि मधोमध दिसते बघणाऱ्याची सावली. हेच इंद्रवज्र.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. वर्तुळ अर्धं त्याच्या पातळीच्या वर, अर्धं खाली; आत साहेब, साहेबाचा घोडा आणि बरोबरची माणसं. या आकृत्या आपल्याच सावल्या आहेत, हे त्या माणसांना पटेना. त्यांनी हातपाय हलवले, नाना तऱ्हांनी उभं राहून पाहिलं. धुक्यातल्या आकृत्यांनीही तेच केलं. भुताटकीची शंका आली असताना केलेला हा प्रयोग चोखच म्हणायचा!

इंद्रवज्राला गोल इंद्रधनुष्य म्हणण्याची पद्धत आहे, पण ते बरोबर नाही. इंद्रधनुष्य पावसाच्या टपोऱ्या थेंबांचं, सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर. इंद्रवज्र धुक्याच्या कणांचं आणि बरंच लहान. हे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. एवढ्याशा कणात शिरलेला प्रकाश निरनिराळ्या वाटांनी जवळजवळ उलट फिरतो, त्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि रंग सुटे होतात. तांबडा बाहेर, निळा आत. ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ नुसेन्झ्वाइग यांनी तर दाखवलं, की कणाला न शिवता अगदी जवळून जाणारा प्रकाशही आत खेचला जातो आणि इंद्रवज्राच्या झळाळीत त्याचाच वाटा मोठा असतो. पूर्वी आपल्याला वाटे, की किरण चुकला म्हणजे चुकला.

स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन या तरुणाला अशीच वलयं दिसली. प्रयोगशाळेत ढग करून ती पुन्हा पाहावीत, या हौसेपोटी त्यांनी खटपट सुरू केली. वलयं बाजूला राहिली आणि तयार झाली मेघपेटी. तिच्यात विद्युतभारित कणांचे मार्ग धुक्याच्या रेघांसारखे दिसत. क्ष-किरणांचा फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि त्याला ढकलून स्वतः ऊर्जा गमावतो, हे भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये मांडलं. ढकलल्या गेलेल्या त्या इलेक्ट्रॉनांच्या रेघा विल्सन यांच्या पेटीत मिळाल्या. १९२७ चं भौतिकीचं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.