कलाशिक्षक : पाहुणा की शिक्षक?
(जालना येथे कलाविद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कलाशिक्षक होऊ इच्छिणारा तरुण प्रथम विचारतो, "जागा कोठे आहेत?" हा प्रश्न क्षुद्र नाही, तो भाकरीचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कलेसाठी निदेशक सांगितला, तोही अंशकालीन. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने त्याला नाव दिले 'अतिथी निदेशक'. अतिथी म्हणजे पाहुणा! पाहुण्याला मानधन मिळते, वेतन नव्हे.

आता मंठा, घनसावंगीकडची खेडी डोळ्यांसमोर आणा. तेथील किती शाळांत या वर्गांची शंभर मुले भरतील? म्हणजे शेतमजुराच्या, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक मिळू नये, हे आकड्यानेच ठरवून टाकले. शहरात फी भरणाऱ्यास मात्र तो विकत मिळतो.

तथापि सारा दोष सरकारवर टाकून आपली सुटका नाही. आपले प्रशिक्षण अजून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांच्या पेपरांभोवती फिरते. हात वळणावर यावा यासाठी ते उपयोगी आहे, हे मी नाकारीत नाही. पण मुलाला परीक्षेत बसविणे म्हणजे त्याला पाहायला शिकविणे नव्हे. जालन्याच्या सपाट रानात वाढलेले पोर दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढते, तेव्हा त्याने स्वतःचे शिवार पाहिलेले नसते. शिक्षकाची वही पाहिलेली असते.

आणि पाहण्यासारखे येथे काही नाही काय? आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावचे लोक होते. येथील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली होती. ती कोरणारे हात कोणा सरदाराचे नव्हते, कारागिरांचे होते. ही गोष्ट कुंभाराच्या मुलाला वर्गात कळली, तर चाकावर बसलेल्या बापाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. तसे शिकविणारा शिक्षक घडवायचा, तर विद्यार्थ्याने एक पूर्ण सत्र जिल्हा परिषदेच्या शाळेत, गावातच राहून, विद्यावेतनावर काढले पाहिजे. विद्यापीठाने ते अभ्यासक्रमात घालावे.

दुसरी मागणी जागांची. लहान शाळेला स्वतंत्र कलाशिक्षक परवडत नाही, असे उत्तर मिळेल. ठीक आहे, मग प्रत्येक केंद्रशाळेवर एक पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा कलाशिक्षक नेमा आणि त्याने केंद्रातील शाळा वार लावून घ्याव्यात. आठही तालुक्यांतून या मागणीचे अर्ज जिल्हा परिषदेकडे गेले पाहिजेत, आणि त्यांवर पालकांच्याही सह्या हव्यात.