गुप्ततेचे वचन आणि कायद्याचे बंधन

१७ वर्षांची एक गर्भवती मुलगी सरकारी रुग्णालयात येते. संबंध स्वखुशीचे होते, असे सांगून ती समाजसेवा अधीक्षकांना विनविते, ‘पोलिसांना कळवू नका.’ अशा वेळी काय करावे?

२०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने १८ वर्षांखालील संमती ग्राह्य नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही. या सक्तीमागे अनुभव आहे. घरातला अत्याचारी मौनाच्याच आश्रयाने जगतो. परंतु पोलिसांच्या धास्तीने मुलगी भोंदू वैद्याकडे गेली, तर तिच्या जिवावर बेतते, हेही तितकेच खरे.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला : मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना उघड करण्याची गरज नाही. ही मुभा डॉक्टरला आहे. समाजकार्यकर्त्याचा पेच तेवढ्याने सुटत नाही.

म्हणून गुप्ततेची मर्यादा संभाषणाच्या आरंभीच सांगावी. पाळता येणार नाही असे वचन देणे हा विश्वासघातच होय. मुलीशी एकांतात बोलून धाक, वयातील अंतर, घरची सुरक्षितता पारखावी. तक्रारीसाठी उपचार अडवू नयेत. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून निर्णय सकारण नोंदवावा, आणि पोलिसांना कळविण्यापूर्वी तिला कळवावे.

या साऱ्याला वेळ लागतो, माणसे लागतात. ती न पुरविता शासनाने एकट्या कर्मचाऱ्याकडून विवेकाची अपेक्षा करणे, म्हणजे स्वतःची जबाबदारी त्याच्या माथी मारणे होय.