विमानतळावर रात्र काढायची वेळ आली तर



आता आपल्या बचत गटातल्या बाया विमानानं जायला लागल्यात. कुणी दिल्लीकडच्या सरस मेळ्याला माल घेऊन जातं, कुणी प्रशिक्षणाला, तर कुणी लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला. एसटी चुकली तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कंट्रोलरला विचारायचं, पुढची गाडी धरायची, नाहीतर ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम करायचा. पण विमान रद्द झालं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. तिथं ना ओळखीचं घर, ना ओळखीची भाषा. म्हणून आज त्या रात्रीविषयी बोलू.

गेल्या जानेवारीत आम्ही गटाच्या पाच जणी दिल्लीच्या प्रदर्शनातून परत निघालो होतो. रात्री साडेनऊचं पुण्याचं विमान होतं. सामान देऊन झालं, तपासणी झाली, आणि अकराच्या सुमाराला कळलं की धुक्यामुळं विमान रद्द. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्याजवळ विक्रीचे पैसे होते. एकीला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सगळ्यात धाकटीचं सात महिन्यांचं बाळ गावी आजीपाशी. आणि आणखी एक गोष्ट होती. बायकांना एवढ्या लांब विमानानं धाडायचं की नाही, यावर आमच्या ग्रामसंघात दोन बैठका झाल्या होत्या. त्या रात्री काही वावगं घडलं असतं, तर आमच्यामागून जाणाऱ्यांचा रस्ता बंद झाला असता.

आधी धुक्याचं समजून घेऊ. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या मैदानात रात्री जमीन गार पडते, वारा नसतो, हवेत ओल असते. मग धुकं जमिनीला चिकटून बसतं. ते बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर दाट होतं आणि ऊन वर आल्यावर विरतं. दिल्लीला कमी दिसत असतानाही विमान उतरवायची यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमानात तशी सोय लागते आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षण झालेलं लागतं. शिवाय जे विमान आपल्याला न्यायचं, ते दुसऱ्या गावाहून यायचं असतं. ते तिकडंच अडकलं तर आपलंही अडकतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असते. म्हणून थंडीत उत्तरेकडून परतताना शक्य असेल तर दुपारचं विमान घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम ठेवू नका.

विमान रद्द झाल्याचं कळल्यावरचा पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. सगळ्यांनी मिळून धावायचं नाही. आम्ही कामं वाटून घेतली. दोघी कंपनीच्या काउंटरच्या रांगेत, दोघी सामानापाशी, आणि एक फोनवर. फोनवालीनं घरी कळवायचं आणि तिकिटाचे मेसेज बघायचे. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकीट एजंटानं काढलं की पुष्कळदा त्याचाच नंबर टाकलेला असतो. मग विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि आपण अंधारात राहतो. तिकीट काढतानाच प्रवासाला निघालेल्या बाईचा नंबर द्यायला सांगा. आणि सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआर नंबरवर काढा, म्हणजे दुसऱ्या विमानात बसवताना ताटातूट होत नाही.

काउंटरवर काय विचारायचं? चार प्रश्न पाठ करून ठेवा. आमची दुसरी सोय कोणत्या विमानात? जेवणाचं काय? झोपायची सोय काय? आमचं दिलेलं सामान कुठं मिळेल?

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला डीजीसीए म्हणतात, त्याचे यासाठी नियम आहेत. विमान कंपनीनं रद्द केलं तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक आपण निवडायचं. विमानाला उशीर असेल आणि आपण वेळेवर हजर असू, तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त थांबावं लागल्यास खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. दिल्ली-पुणे प्रवास यातच बसतो. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतल्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेलची सोयही नियमात आहे. मात्र धुकं, वादळ अशी कंपनीच्या हातात नसलेली कारणं असतील तर नुकसानभरपाई मिळत नाही, आणि हॉटेललाही नकार येऊ शकतो. आम्हाला जेवणाची कुपनं मिळाली, हॉटेल मिळालं नाही. तरी विचारायचं. म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान लेकरू बरोबर असेल तर ते आवर्जून सांगायचं.

आणखी एक. घाबरून आपल्या हातानं तिकीट रद्द करू नका. आपण रद्द केलं तर पैसे कापले जाऊ शकतात. कंपनीनं रद्द केल्याचा मेसेज जपून ठेवा, त्याचा फोटो काढा, आणि मग पर्याय निवडा.

तपासणीच्या आत असताना विमान रद्द झालं तर आपल्याला पुन्हा बाहेरच्या भागात आणतात आणि दिलेलं सामान परत मिळतं. पण टर्मिनलच्या इमारतीबाहेर पडायची घाई करू नका. परत आत यायला चालू तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणून नव्या विमानाचं तिकीट फोनवर आल्याशिवाय दार ओलांडायचं नाही. मध्यरात्री दिल्लीची मेट्रोही बंद असते.

आता रात्र कुठं काढायची? जागा निवडताना तीन गोष्टी बघा. उजेड असावा, बायकांचं स्वच्छतागृह जवळ असावं, आणि गणवेशातला पहारा दिसत असावा. विमानतळावर सीआयएसएफचे जवान रात्रभर असतात, त्यांत महिला जवानही असतात. आम्ही एका महिला जवानाला सरळ सांगितलं की आम्ही पाच जणी इथं मुक्कामाला आहोत. तिनं भिंतीकडची जागा दाखवली. सामान परत मिळालं होतं, त्यात न विकलेल्या चार गोधड्या होत्या. गार फरशीवर त्याच अंथरल्या. शेजारी एक आजी खुर्चीत कुडकुडत होत्या, त्यांना एक दिली. सकाळी त्यांनी ती नीट घडी घालून परत आणून दिली. भाषा दोघींची वेगळी, पण गोधडी कशी घडी घालायची ते त्यांना ठाऊक होतं.

झोपायच्या पाळ्या लावा. दोघी जाग्या, तिघी झोपलेल्या, दोन-दोन तासांनी बदल. सगळ्यांचे पैसे एकीजवळ ठेवू नका. पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळा, चपला उशाला घ्या. अनोळखी माणसाची पिशवी "जरा बघा हं" म्हटलं तरी सांभाळायला घेऊ नका.

आता दोन गोष्टी तब्येतीच्या. साखरेचा आजार असलेल्या बाईनं औषध कायम हातातल्या पिशवीत ठेवावं, डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत असावी. दिलेल्या सामानात इन्सुलिन टाकू नये. आणि जेवणाच्या आधी घ्यायचं इन्सुलिन जेवण समोर आल्याशिवाय टोचायचं नाही. कुपन मिळालं म्हणजे जेवण मिळालं असं नव्हे, त्या रात्री खाण्याच्या दुकानापुढं तासभर रांग होती. घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर किंवा गोड सरबत द्यायचं. विमानतळावर वैद्यकीय मदतीचा कक्ष असतो, तो कुठं आहे हे आधीच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट अंगावर पाजणाऱ्या आईची. आमच्या धाकटीची छाती रात्री दोनपर्यंत दगडासारखी झाली. लाजेनं ती बोलेना, नुसती रडायला लागली. आम्हाला वाटलं घरच्या आठवणीनं रडतेय. थोरलीनं ओळखलं. मोठ्या विमानतळांवर बाळांसाठी वेगळी खोली असते, तिथं तिला नेलं, कोमट पाण्याचा कपडा शेकला आणि हातानं दूध काढून टाकलं. असं तीन-चार तासांनी करावं, नाहीतर गाठी होतात, ताप भरतो. मैत्रिणींनो, हे बोलायला लाजू नका, आणि बरोबरच्या बाईनं न सांगता ओळखायला शिका.

घरी फोन करताना रडतराव करू नका, पण लपवूही नका. कुठं आहोत, किती जणी आहोत, विमान कधीचं, आणि पुढचा फोन किती वाजता करणार, एवढं सांगा. आणि त्या वेळेला फोन कराच. आमच्यातल्या एकीचे सासरे रात्रभर जागे होते. पहाटे पाचचा फोन बरोबर पाचला गेला, तेव्हा म्हणाले, "सगळ्या बरोबर आहात ना, मग या सावकाश."

हातातल्या पिशवीत काय असावं? एक जोडी कपडे, पाळीचे पॅड, औषधं, शाल, पाण्याची बाटली, चार्जर, आणि दशम्या, लाडू, चिवडा असं कोरडं खाणं. पॉवर बँक दिलेल्या सामानात चालत नाही, ती हातातच ठेवायची. विमानतळावर पिण्याचं पाणी फुकट मिळतं, बाटली तिथं भरून घ्या.

तक्रार करायची वेळ आली तर आधी कंपनीकडं लेखी करा. तिथं दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या ॲपवर किंवा संकेतस्थळावर करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बाईमाणसाला कुठं भीती वाटली तर १८१ किंवा ११२. हे तीन आकडे कागदावर लिहून ब्लाउजच्या पाकिटात ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

गावी आल्यावर आम्ही हे सगळं ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितलं आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवलं. मार्चमध्ये आणखी चार जणी दिल्लीला गेल्या. त्यांच्यासाठी पुन्हा बैठक घ्यावी लागली नाही, वहीतलं ते पानच त्यांनी उतरवून नेलं. तुमच्या गटातून कुणी निघणार असेल तर या भाषणातली कामाची वाक्यं तुम्हीही तुमच्या वहीत उतरवा, आणि जाणाऱ्या बाईला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.