एका सामन्याचे नेतृत्व

हिंदुस्थानच्या कसोटी संघाचे नेतृत्व ज्याच्या वाट्याला अवघ्या एका सामन्यापुरते आले, अशा खेळाडूची कारकीर्द पुस्तकात एका ओळीत संपते. लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांची ती ओळ दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर, फेब्रुवारी १९५९ मध्ये लिहिली गेली. तिच्यावरून त्यांना जोखणे मात्र न्यायाचे होणार नाही.

कोटल्याशी त्यांचा ऋणानुबंध जुनाच होता. पुण्यात १९१९ साली जन्मलेल्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये याच मैदानावर, तेथील पहिल्याच कसोटीत, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११४ धावा काढल्या. कसोटीतले ते त्यांचे एकमेव शतक. पुढे ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद ८१ धावा केल्या आणि गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली. हिंदुस्थानतर्फे अखेरच्या जोडीचा हा विक्रम २००४ पर्यंत अबाधित राहिला. गोलंदाजाला साथीला घेऊन किल्ला लढवण्याची त्यांची हातोटी काही औरच!

पण ते लष्करी अधिकारी होते. क्रिकेटचे वेळापत्रक आणि पलटणीची चाकरी यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही. बारा वर्षांत २१ कसोट्या एवढाच त्यांचा हिशेब. सेनादलाच्या संघाला मात्र त्यांनी रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, तेही १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे.

वेस्ट इंडीजविरुद्धच्या १९५८-५९ च्या मालिकेत हिंदुस्थानी संघाचे सुकाणू हातोहात फिरत होते. मुंबईला उम्रीगर, कानपूर व कलकत्त्याला गुलाम अहमद, मद्रासला विनू मंकड. कलकत्त्याला तर एक डाव व ३३६ धावांनी पराभव झाला. अशा पडझडीत दिल्लीच्या अखेरच्या सामन्यासाठी चौथा नायक शोधावा लागला. अधिकाऱ्यांना मिळाला तो मान कमी, जोखीमच अधिक.

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या तोफखान्यासमोर, त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांचा डोंगर रचला, त्यात स्वतः गोलंदाजी करून तीन गडीही टिपले. कसोटीतले त्यांचे सारे बळी ते एवढेच. चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या. शतकाच्या उंबरठ्यावर ते स्वयंचीत झाले. सामना अनिर्णित राहिला. तीन पराभवांनंतर तेवढेही पुष्कळ होते.

त्यानंतर अधिकारी कसोटी खेळले नाहीत. इंग्लंडच्या दौऱ्यावर दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली संघ गेला आणि पाचही कसोट्या हरून परतला. त्याच इंग्लंडमध्ये १९७१ साली वाडेकरांच्या संघाने ओव्हलची कसोटी आणि मालिका जिंकली, तेव्हा त्या संघाचे व्यवस्थापक म्हणून लेफ्टनंट कर्नल अधिकारी सोबत होते.